अनुभव धागा : बागेतून थेट घरी – हापूसची फोनवरची विक्री आणि खरेदी

हापूस वाशीच्या दलालाकडे न पाठवता फोनवरून थेट गिऱ्हाइकाला विकणं कोकणात आता नवं राहिलेलं नाही. २०१६ साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि त्याच वर्षी यूपीआयही आलं. विकायची मुभा आणि घरबसल्या पैसे मिळायची सोय एकदमच हाती आली. पण दलाल नुसती दलाली घेत नव्हता. तो हंगामाआधी उचल द्यायचा, गिऱ्हाईक शोधायचा, नासक्या फळावरून होणारी भांडणं निस्तरायचा. ती सगळी कामं आता बागायतदाराच्या अंगावर आली आहेत, थोडी गिऱ्हाइकाच्याही. ती नेमकी कशी करायची आणि कुठे बिघडतं, हे जाणणाऱ्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको. मापं आणि कारणं हवीत.

झेलेवाला

सुरुवात झाडावरूनच करतो, कारण कुरियरच्या नावाने होणाऱ्या निम्म्या तक्रारी काढणीतल्या असतात. दूर जाणारं फळ चौदा आणे तयार हवं (सोळा आणे म्हणजे झाडावरच पूर्ण तयार). खूण अशी: देठाजवळ खळगा पडलेला आणि खांदे देठाच्या वर आलेले. बारा आण्यांचा आंबा सुरकुततो आणि आंबट राहतो. सोळा आण्यांचा वाटेतच पिकतो, शिवाय त्यात साका (आतला गर पांढरट, चिवट होणं) निघण्याची भीती जास्त.

झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढताना देठ तीन-चार सेंटिमीटर ठेवायचा. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळतो. त्या वेळी काही दिसत नाही, पण आठ दिवसांनी फळ पिकलं की तिथेच काळा पट्टा उमटतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, सडका पाठवला. काढणी सकाळीच उरकावी. काढलेलं फळ तापल्या कातळावर एक तासही ठेवू नये, क्रेट सावलीत हवेत. साक्यामागे ही जमिनीची धगही असते.

खोकेबाज

आता खोका. लाकडी पेटी ट्रकला ठीक, कुरियरला नाही. पाच पदरी पुठ्ठ्याचा, बाजूंना भोकं असलेला खोका घ्या. भोकं नसतील तर आत वाफ धरते आणि देठाकडून बुरशी येते. खाली पेंढा, मग फळं, दोन थरांच्या मध्ये पुठ्ठा आणि पुन्हा पेंढा. पेंढा कडकडीत वाळलेला हवा. बंद खोका दोन्ही हातांनी हलवून बघायचा. आत आवाज झाला तर उघडून परत भरायचा, कारण रिकामी जागा राहिली की फळावर फळ आपटतं.

भाड्याचा हिशोब न करता दर जाहीर करणारे हमखास फसतात. कुरियरवाला दोन वजनं काढतो: काट्यावरचं, आणि लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन बहुधा ५००० ने भागलेलं. जे जास्त, त्याचं भाडं. दोन डझनांचा ४५ × ३३ × १८ चा खोका मापाने साधारण ५.३५ किलो होतो. आत २५० ग्रॅमची २४ फळं म्हणजे ६ किलो, खोका-पेंढ्याचे ८०० ग्रॅम धरून काट्यावर ६.८. भाडं ७ किलोचं. हाच माल घरात पडलेल्या ५० × ४० × २२ च्या खोक्यात भरला तर माप ८.८ वर जातं आणि ९ किलोचं भाडं बसतं. म्हणजे दोन किलो हवेचे पैसे. उलट २७५ ग्रॅमचं फळ घातलं तर छोट्या खोक्यातही वजन ७.४ होतं आणि जिथे पुढचा पूर्ण किलो धरतात तिथे ८ किलोचे पैसे लागतात. म्हणून मोठ्या फळाचा दर लावताना हा जादा किलो त्यात धरा.

वहीखातं

व्हॉट्सॲप बिझनेसवर लेबलं लावा: नवी ऑर्डर, पैसे आले, रवाना, पोचलं. एवढ्यावर शंभरेक गिऱ्हाइकांचा हंगाम एका माणसाला सांभाळता येतो. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप सगळ्यांना वेगवेगळा पाठवणाऱ्या) २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्यांच्यापर्यंत निरोप पोचतच नाही. म्हणून पहिल्या खोक्यात चिठ्ठी टाका आणि नंबर साठवायला सांगा. ग्रुप मात्र काढू नका. तिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दुसरा विक्रेता तिथूनच गिऱ्हाइकं उचलतो.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नाही, तो बनवता येतो. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय खोक्यावर पत्ता लिहू नये. घोळ झालाच तर बारा आकडी यूटीआर (त्या व्यवहाराचा) नंबर मागून जुळवावा. आणि घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा: पैसे *घ्यायला* पिन लागत नाही. पिन मागितला की समोरचा काढून घेतोय.

पोचल्यावर पैसे, ही पद्धत आंब्याला अजिबात नको. दार बंद मिळालं की खोका परत फिरतो आणि जाऊन-येऊन आठ दिवसांनी हातात येतो तो कॅनिंगच्याही लायकीचा राहत नाही.

मोहोर बघून जानेवारीत आगाऊ पैसे घेणाऱ्यांनी गेल्या वर्षीच्या मालाच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जाऊ नये. थ्रिप्स (मोहोरावरची कीड) आणि अवकाळी पाऊस यांना तुमची यादी माहीत नसते. तारीख देऊ नका, आठवडा द्या.

नावगाव

नावाबद्दल थोडक्यात. 'हापूस'ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. मानांकन वापरायचं तर बागायतदाराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ पासून फळावर युआयडी (प्रत्येक फळाला वेगळा नंबर) स्टिकर आणला. त्यातला काही नंबर वर, काही स्टिकरच्या मागे असतो. फोटो दिलेल्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवून पडताळता येतो. बागायतदाराला स्टिकर त्याच्या झाडांच्या हिशोबाने मिळतात, खरी किंमत त्यात आहे. खोक्यावर नुसतं 'देवगड' छापायला कुणीही छापतं.

सोसायटीतली मावशी

खोकेबाज, भाड्यावर उपाय म्हणजे सोसायटीची एकत्र ऑर्डर. गूगल फॉर्ममध्ये पाचच रकाने ठेवावेत: नाव, फ्लॅट, डझन, फळाचा आकार, फोन. यूपीआय करताना शेऱ्यात फ्लॅट नंबर लिहायला सांगायचं, नाहीतर एकाच आडनावाच्या चार घरांचे पैसे जुळवता जुळवता जीव जातो. दोन डझनांचे ३० खोके म्हणजे ७२० फळं. त्यावर दीड डझन फळं वेगळ्या खोक्यात जादा मागवावीत, सुमारे अडीच टक्के. डागी फळ तिथल्या तिथे बदलून मिळालं की पुढच्या तक्रारी होतच नाहीत. टेम्पो फाटकाशी आला की खोके दोन तासांत उचलले गेले पाहिजेत. उन्हातल्या पार्किंगमध्ये संध्याकाळपर्यंत राहिले तर आतला आंबा उकडतो.

अढी

गिऱ्हाइकाकडून होणाऱ्या चुकाही लिहायला हव्यात. खोका आला की त्याच दिवशी उघडायचा, फळं पेंढ्यावर एका थरात, देठ वर करून मांडायची. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं की संपलं: १३ अंशांखाली ते गारठतं, साल काळवंडते आणि पिकण्याची क्रियाच बिघडते. रोज चाळवायचं आणि पिकलेलं बाजूला काढायचं. नुसत्या रंगावर जाऊ नका, देठाशी वास घ्या. कापण्याआधी अर्धा तास पाण्यात. पिकलेला आंबा फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.

दोन दिवसांत सगळा खोका एकसारखा पिवळा पाहिजे, ही सवय झटपट डिलिव्हरीच्या ॲपमुळे लागली आहे. तिथे रायपनिंग चेंबरमधलं (वायू सोडून फळ पिकवायच्या बंद खोलीतलं) तयार फळ मिळतं. इथिलीन १०० पीपीएमपर्यंत कायद्याने चालतं, कार्बाइडला बंदी आहे. अढीतला (पेंढ्यात घालून पिकवलेला) आंबा मात्र मागेपुढे पिकणारच.

वहीखातं

अढी यांच्या मुद्द्यावरून तक्रारीचा नियम सांगतो. बहुतेक विक्रेते '२४ तासांत फोटो पाठवा' लिहितात. दबलेल्या, फुटलेल्या फळाला ते बरोबर आहे. पण साका बाहेरून दिसत नाही. फळ पिकून कापल्यावरच आतला पांढरट, चिवट गर दिसतो, म्हणजे आठ-दहा दिवसांनी. त्याला २४ तासांची अट लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणणं. दोन मुदती ठेवा: वाहतुकीच्या नुकसानीला एक दिवस, साक्याला पंधरा. कापलेल्या फळाचा फोटो, सोबत खोक्याचा नंबर. भरपाई फळामागे द्या, खोक्यामागे नाही. आणि खोक्याचा नंबर काढणीच्या तारखेशी जोडून ठेवा. एकाच तारखेच्या तीन खोक्यांत साका निघाला तर त्या दिवशी काय झालं ते कळतं, बहुतेकदा दुपारी उशिरा काढलेला माल असतो.

पहिलाच हंगाम

पुण्याला रस्त्याने दोन दिवस धरले आहेत. माल कोणत्या वारी टाकावा?

खोकेबाज

सोमवार ते बुधवार. गुरुवारी फक्त जवळचे पत्ते. शुक्रवारचा खोका रविवारी गोदामात पत्र्याखाली पडून राहतो आणि सोमवारी पोचतो तेव्हा वरचा थर पिकलेला, खालचा दबलेला असतो. शुक्रवारी काढलेला माल घरी अढीत घाला किंवा शनिवार-रविवारी गावातच विका.