मदत हवी आहे : शूटिंगवरचा साउंड कुठे शिकावा?
भाचा बारावी सायन्स झालाय, नाशिकला असतो. त्याला सेटवर आवाज रेकॉर्ड करायचं काम शिकायचंय. गाण्यांच्या मिक्सिंगमध्ये रस नाही. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचा तीन वर्षांचा साउंडचा कोर्स पदवीनंतरच करता येतो, तोवर थांबायची त्याची तयारी नाही. खासगी संस्थांत चौकशी केली. सगळे जण स्टुडिओ दाखवतात, प्रो टूल्स हे आवाजाचं सॉफ्टवेअर शिकवतात. बूम (लांब काठीवरचा माइक) हातात कधी मिळणार, यावर उत्तर मोघम. (फीचा आकडा मात्र अगदी स्पष्ट!) घरी साध्या रेकॉर्डरवर त्याचा सराव चालू आहे. मुंबईत राहायची सोय आहे, बजेट दीड लाखापर्यंत. प्रत्यक्ष सेटवर काम करणाऱ्यांनी सांगावं: आधी कोर्स करावा, की थेट एखाद्या साउंड रेकॉर्डिस्टच्या हाताखाली जावं? आणि नवख्या बूम असिस्टंटकडे साउंडवाल्यांच्या असोसिएशनचं (संघटनेचं) सदस्य कार्ड असावंच लागतं का?