चर्चा: पडद्याकडे बघत कादंबरी लिहिली की तिचं काय होतं?

शाईचा डाग:
गेली 18 वर्षं मी रहस्यकादंबऱ्या लिहितोय. नुकतंच एका निर्मात्याशी बोलणं झालं. कादंबरी त्यांना मनापासून आवडली होती, पण मालिकेसाठी एक बदल हवा होता: खून पहिल्या पाच मिनिटांत व्हायला हवा. माझ्या पुस्तकात तो 140व्या पानावर होतो. तोवर त्या बाईचा वाचकाला लळा लागलेला असतो, तिचं अर्धवट विणलेलं स्वेटर, तिची खोटं बोलायची सवय, सगळं ठाऊक झालेलं असतं. पाच मिनिटांत मेली तर ते नुसतं प्रेत.

मी नकार दिला. घरी येऊन सध्याच्या लेखनाचं पहिलं प्रकरण काढलं, तर त्यात खून दुसऱ्याच पानावर! मला कुणी सांगितलं नव्हतं, हाताला आपोआप वळण लागलं होतं. प्रकरणं आखूड, प्रत्येकाच्या शेवटी धक्का. माणसं बोलतात, दारं उघडतात, विचार मात्र कुणीच करत नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

गद्याची ताकद वेगळी आहे. टेबलावरच्या पाच वस्तू मी एका वाक्यात सांगतो. औषधाची बाटली तिसरी असते, पण विशेषण मी चौथ्या वस्तूला देतो, म्हणून वाचक तिथे रेंगाळतो आणि बाटली निसटते. ही लपवाछपवी वाक्यातच होऊ शकते. ती सोडून आपण पडद्याची उष्टी तंत्रं का उचलतोय?

कोरा कागद:
तुमची तळमळ पोचली, पण दोष पडद्याचा नाही, रहस्यकथेचाच आहे. खुनी सापडायलाच हवा, हे लेखकाने लिहायला बसण्याआधीच मान्य केलेलं असतं. मग माणसं त्या शेवटाच्या सोयीने वागतात. ती बाई 140 पानं जगली तरी तुम्ही तिला मारण्यासाठीच जगवलंत. निर्मात्याने तेच जरा लवकर मागितलं. ठरलेला माल द्यायचं कबूल करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या घाईबद्दल तक्रार करू नये.

उंबरा:
कोरा कागद, 'ठरलेला माल' हा शब्द फार लागला. याच नजरेमुळे आपल्याकडे रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा यांना कायम उंबऱ्याबाहेर बसवलं गेलं. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती टोपणनावाने, नावाचा प्रभाव पडू नये म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे आयुष्यभर त्यांनी हा प्रकार मराठीत रुजवला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो आत्मचरित्रासाठी. आत्मचरित्र उत्तम आहे, वाद नाही. पण माझ्यासारख्या कितीतरी वाचकांना विज्ञानाची गोडी त्या कथांनी लावली.

कोरा कागद:
नारळीकरांबद्दल आदर आहेच. पण एखादा प्रकार उपेक्षित राहिला म्हणून तो थोर ठरत नाही. मी रचनेबद्दल बोलतोय, मानमरातबाबद्दल नाही.

दुसरा खर्डा:
मी पटकथा लिहिते, म्हणून राहवत नाही. दादा, बाटली पडद्यावरही लपवता येते. ती उघड्यावर ठेवायची आणि त्याच क्षणी समोरच्या पात्राला रडू फुटू द्यायचं. प्रेक्षक चेहऱ्याकडे बघतो. तुमचं विशेषण तेच आमचं रडू.

आणि 'उष्टी तंत्रं' म्हणताना आमचं काम काय असतं ते बघा. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट. 'तिला अपराधी वाटत होतं' असं लिहिलं तर कॅमेऱ्याला दाखवायला काहीच नसतं. ते वाटणं तिच्या हातांना करावं लागतं. पाच मिनिटांची अट बाजाराची आहे, आमच्या कलेची नव्हे. तिच्याशी आम्हीही रोज भांडतो, आणि बहुतेकदा हरतो.

पहाटवारा:
घाईचं खापर आजच्या पडद्यावर फोडणं मला पटत नाही. 19व्या शतकातल्या कितीतरी मोठ्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापून आल्या, आणि पुढच्या हप्त्याची ओढ लावणं तेव्हाही लेखकाच्या कामाचा भाग होतं. त्या काळातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिहायचा. हे त्यानेच आत्मचरित्रात सांगितलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1883 मध्ये आलं आणि त्या हिशेबीपणामुळे समीक्षकांच्या मनातून तो उतरला. कादंबऱ्या मात्र लोक अजून वाचतात. मी स्वतः नोकरीवर जायच्या आधी तासभर लिहितो, म्हणून हा माणूस मला फार जवळचा.

शाईचा डाग:
दुसरा खर्डा, 'उष्टी' हा शब्द मागे घेतो. चुकलंच. चेहऱ्यामागे बाटली लपते हे पटलं.

पण चेहराच लपवायचा असेल तर? अगाथा ख्रिस्तीने 1926 मध्ये निवेदकालाच खुनी केलं. तो खोटं बोलत नाही, फक्त काही मिनिटं गाळतो. ते गाळणं 'मी' या एका शब्दाच्या आडोशाने झालंय. पडद्यावर त्या 'मी'ला नाक-डोळे येतात. कोरा कागद, तुमचं उत्तरही यातच आहे. तेव्हा काही वाचक फसवणूक झाली म्हणून चिडले. चिडले, कारण निवेदकावर विश्वास ठेवायचा हा संकेत त्यांच्या मनात पक्का होता. तो संकेतच नसता तर मोडणार काय?

कोरा कागद:
संकेत मोडला, तरी खुनी सापडलाच ना? एकदा तरी न सापडणारा खुनी लिहा. मग बोलू.

शाईचा डाग:
ते नाही लिहिणार. ज्याने 300 पानं माझ्या भरवशावर वाचली, त्याला मी उत्तर देणं लागतो. यात मला कमीपणा वाटत नाही.

दुसऱ्या पानावरचा खून मात्र काल काढून टाकला. आता ती बाई जिवंत आहे आणि मला तिच्याबद्दल काहीही माहीत नाही. सकाळपासून एवढंच कळलंय की ती पत्रं उघडण्याआधी पाकिटावरचं अक्षर बराच वेळ बघत बसते.

दुसरा खर्डा:
हे मला पडद्यावर दाखवता येईल, दादा. सांगून ठेवते.