लेकीचा डावा घोटा नऊ महिन्यांत तिसऱ्यांदा मुरगळला. खेळू द्यावं का?

लेकीची आई, नागपूर

नमस्कार. थोडं लांबलचक लिहिते आहे. दवाखान्यात नंबर लागला की चार मिनिटांत बोलणं आटपावं लागतं आणि नेमकं सांगायचं तेच राहून जातं.

लेक चौदा वर्षांची, नववीत. पाचवीपासून बास्केटबॉल खेळते. गेल्या वर्षभरात एकदम ताडमाड वाढली, जूनमध्ये घेतलेला युनिफॉर्म दिवाळीत आखूड झाला. उंची वाढली म्हणून सरांनी तिला गार्डवरून (रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारी) फॉरवर्डला (रिंगजवळ खेळणारी) टाकलं. म्हणजे आता ती बहुतेक वेळ रिंगखालच्या गर्दीत असते. कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं.

पहिल्यांदा नोव्हेंबरमध्ये. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेल्या चेंडूला, उडी मारली आणि उतरताना डावा पाय समोरच्या मुलीच्या बुटावर पडला. बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज, दुसऱ्या दिवशी टाचेपर्यंत काळंनिळं. एक्स-रे काढला, हाड शाबूत. क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या गोळ्या, पंधरा दिवस आराम. सोळाव्या दिवशी ती कोर्टवर होती. मीच तिला स्कूटीवर सोडून आले, कारण सूज उतरली होती आणि ती चालत होती. मला वाटलं, झालं बरं.

दुसऱ्यांदा फेब्रुवारीत. ले-अपला, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकायला जाताना, आजूबाजूला कोणी नसताना. पुन्हा तोच पाय, तेच बँडेज, तोच आराम.

तिसऱ्यांदा गेल्या मंगळवारी, आणि यावेळी ती खेळतही नव्हती. शाळेच्या ऑटोतून उतरली, पाय रस्त्याच्या कडेला अर्धा टेकला आणि आत वळला. मी गॅलरीतून बघत होते. पोर खाली बसली ती घोटा धरून. सूज पहिल्यापेक्षा कमी आहे, दुसऱ्या दिवशी लंगडत का होईना चाललीही, पण माझं धाबं दणाणलं ते यामुळेच. खेळताना लागलं तर समजू शकते. ऑटोतून उतरताना?

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप लावतात, आणि ओळखीच्या एक पायाळू बाई आहेत त्यांच्याकडून पाय फिरवून घे म्हणतात. त्यांची नातीवरची माया मला दिसते, म्हणून तोडून बोलवत नाही. सर म्हणतात, अँकलेट घालून खेळू दे, मुरगळणं सगळ्यांचंच होतं. नणंद म्हणते, पुढच्या वर्षी दहावी, आता बास कर. पाच आठवड्यांनी सतरा वर्षांखालील मुलींची जिल्हास्तर शालेय स्पर्धा आहे आणि लेकीने त्यासाठी उन्हाळाभर सकाळी साडेपाचला उठून सराव केलाय.

काल रात्री उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, माझा पाय कुठे पडतोय ते मला कळतच नाही." हे वाक्य डोक्यातून जात नाही. कोणाला काही माहीत असेल तर सांगा. चोळायचं का? एमआरआय करायचा का? आणि पाच आठवड्यांत खेळता येईल का?

फिजिओ, सांगली

ताई, तुमच्या लेकीने रोगाचं नाव न घेता अचूक निदान सांगितलंय. ते वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

घोटा आत वळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा, पुढचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) ताणला किंवा फाटला जातो. हा लिगामेंट नुसती दोरी नसतो. त्यात पायाची स्थिती मेंदूला कळवणारी ज्ञानतंतूंची टोकं असतात. पाय किती वाकडा झालाय हे तिथून कळतं, आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनिअल स्नायू घोट्याला सावरून घेतात. दुखापतीत दोरीबरोबर ही खबर देणारी यंत्रणाही बिघडते. सूज दोन आठवड्यांत उतरते, खबर मात्र उशिरा पोचत राहते. म्हणून पाय आधी वळतो आणि सावरणं मागून येतं. आराम केल्याने हे परत येत नाही, ते शिकवावं लागतं. नोव्हेंबरात तिला कोणी व्यायाम दिला होता का? तुमच्या लिहिण्यात तो कुठेच नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ मुलांची गोष्ट हीच असते.

चोळू नका. ताज्या दुखापतीत गरम लेपही नको, सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस पाय उंचावर, क्रेप बँडेज, आणि दुखणं कमी व्हायला कापडात गुंडाळून बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. आजींना सांगा, त्यांच्या हाताची मदत पुढच्या आठवड्यात व्यायामाला लागणार आहे.

एक्स-रे कधी काढायचा यासाठी 1992 साली कॅनडातल्या ऑटवा इथे साधे नियम तयार झाले, ते जगभर वापरले जातात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये मागच्या कडेला किंवा टोकावर दाबून दुखलं, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तिथे किंवा आतल्या बाजूच्या नेव्हिक्युलर हाडावर दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. चौदा वर्षांच्या मुलीत आणखी एक गोष्ट असते. हाडाच्या टोकाजवळची वाढीची पट्टी अजून मिटलेली नसू शकते आणि तिथली इजा एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणून लिगामेंटवर दाबून जास्त दुखतं की हाडावर, हे अनुभवी हाताने तपासून घ्या. एमआरआय सरसकट लागत नाही. सांधा अडकतो, आत खोल ठणकतो, किंवा व्यवस्थित व्यायाम करूनही दोन-तीन महिन्यांत फरक नाही, अशा वेळी तो लागतो.

आता घरी करून बघण्याची एक चाचणी. भिंतीसमोर उभं करा, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा भिंतीला टेकवायचा. पाऊल मागे मागे सरकवत न्या आणि टाच न उचलता गुडघा टेकतो ते शेवटचं अंतर अंगठ्यापासून भिंतीपर्यंत मोजा. दोन्ही पायांचं. मग एका पायावर डोळे मिटून उभं राहायला सांगा आणि सेकंद मोजा. शेजारी तुम्ही थांबा. दुखत असेल तर आठवडाभर थांबून करा. आकडे इथे लिहा.

जुना गार्ड, पुणे

मी फिजिओ नाही, डॉक्टर नाही. मुलीचं वाक्य वाचलं आणि थांबवेना म्हणून लिहितोय.

माझा उजवा घोटा कॉलेज संपेपर्यंत सात वेळा मुरगळला. आमच्या वेळी बर्फ, बाम आणि "खेळता खेळता मोकळा होईल" एवढंच होतं. मी प्रत्येक वेळी स्पर्धेसाठी परत आलो. तेव्हा ती स्पर्धा जगातली सगळ्यात मोठी वाटायची. आज त्यातल्या एकीचाही निकाल नीट आठवत नाही. आज मी 46 वर्षांचा आहे आणि सिंहगड उतरताना उजव्या पायाने आधी चाचपून मगच पाऊल टाकतो. घोट्यातल्या टॅलस हाडावरची कूर्चा झिजलीय. ताई, ही किंमत मला सोळाव्या वर्षी कोणीही सांगितली नव्हती.

खेळ मात्र बंद करू नका. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या वॉरियर्स संघाचा स्टीफन करी तिला माहीत असणारच. त्याच्या उजव्या घोट्यावर मे 2011 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2012 मध्ये शस्त्रक्रिया झाली, मधल्या मोसमात तो फक्त 26 सामने खेळला. हा पोरगा घोट्यामुळे संपला असं लोक उघड बोलत होते. मग वॉरियर्सच्या ट्रेनरांनी त्याच्या घोट्यावरचा भार कमी करण्यासाठी नितंब आणि मांड्यांची ताकद वाढवली, दिशा बदलताना आणि थांबताना जोर तिथून घ्यायला शिकवलं. 2015 आणि 2016 ला तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढेही तो घोट्याला ब्रेस (आधाराचा पट्टा) बांधून खेळत राहिला. तिला हे दाखवा. व्यायाम म्हणजे शिक्षा वाटायला नको.

सरांनाही एक विनंती करा. गार्डवरून फॉरवर्डला आणलेल्या मुलीला गर्दीत उतरायचं कसं ते वेगळं शिकवावं लागतं. दोन्ही पायांवर, पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे वाकवून. वाढत्या वयात अंगाची मापंच बदललेली असतात, तिचा पाय तिलाच नवा असतो.

नाशिकची आई

फक्त एक गोष्ट सांगते, कारण आमच्याकडे ती कळायला दोन वर्षं गेली. मुलगा तेरा वर्षांचा होता, वारंवार घोटा मुरगळायचा. व्यायाम मनापासून केले तरी फरक नाही. शेवटी एका डॉक्टरांनी त्याला चवड्यांवर उभं केलं आणि मागून बघितलं. चवड्यांवर उभं राहिलं की तळपायाची कमान वर येते आणि टाच किंचित आत वळते. त्याची एक टाच हललीच नाही. पावलातली दोन हाडं जन्मापासून एकमेकांना जोडलेली निघाली, टार्सल कोअलिशन म्हणतात. लहानपणी तो जोड मऊ असतो, या वयात हाड पक्कं होतं आणि पाऊल कडक पडतं. मग खडबडीत जमिनीवर पाऊल जुळवून घेत नाही आणि सगळा ताण घोट्यावर येतो. तुमच्या लेकीला हे असेलच असं अजिबात नाही, हे क्वचितच असतं. पण चवड्यांवर उभं करून बघायला पैसे पडत नाहीत.

लेकीची आई, नागपूर

तुम्हा तिघांची किती आभारी आहे ते लिहून कळणार नाही. काल रात्री करीचं वाचून दाखवलं तर ती अंथरुणात उठून बसली.

अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं. हाडावर दुखत नाही, लिगामेंटवर दुखतं. चवड्यांवर उभं केलं, दोन्ही टाचा सारख्या वळल्या, कमान आली. वाढीची पट्टी ठीक. व्यायामासाठी पाठवलंय.

सूज उतरल्यावर मोजलं. भिंतीचं अंतर उजवा 11 सेंटिमीटर, डावा 6. डोळे मिटून उजव्यावर 24 सेकंद, डाव्यावर 5. पाचव्या सेकंदाला कोलमडली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. नऊ महिने हा पाय घेऊन ती धावत होती, आणि मी तिला "लक्ष देऊन पाय टाक" म्हणत होते.

फिजिओ, सांगली

हे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा, पुढे तेच उपयोगी पडतील.

सुरुवात साधी. रोज डाव्या पायावर 30 सेकंद उभं राहायचं, तीनदा, मग उजव्यावर. दात घासतानाही तेच. जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गादीवर, मग एका पायावर उभं राहून भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. रबरी बँडने पाऊल बाहेरच्या दिशेला ओढायचं, सावकाश. पायरीच्या कडेवर टाच वर-खाली, आधी दोन्ही पायांवर, नंतर एका. पोटरी ताणायची, तुमचा 6 चा आकडा तिथलाच आहे. गुडघ्यांवर बँड लावून आडवं चालणं कमरेच्या ताकदीसाठी. बँड धरायला आजी. शेवटी उड्या, आणि उतरताना थांबणं.

2006 साली विस्कॉन्सिनमध्ये शाळकरी बास्केटबॉल आणि फुटबॉल खेळाडूंवर अभ्यास झाला, 765 मुलं-मुली. तोल सांभाळण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 6.1 टक्क्यांचा घोटा मुरगळला, न करणाऱ्यांपैकी 9.9 टक्क्यांचा. 2011 ला त्याच राज्यात बास्केटबॉलच्या 1460 शाळकरी खेळाडूंवर लेस बांधायच्या ब्रेसचा अभ्यास झाला. ब्रेस घालणाऱ्यांत घोट्याच्या दुखापती जवळपास एक तृतीयांशावर आल्या. सर म्हणतात ते अँकलेट म्हणजे ताणणारा मोजा असेल तर त्याने ऊब मिळते, पकड मिळत नाही. लेसचा ब्रेस घ्या आणि खेळताना निदान वर्षभर वापरा. त्याने पाय कमजोर होतो ही भीती काढून टाका.

पाच आठवड्यांचं खरं उत्तर: मी तारखेवर हो म्हणत नाही. डाव्या पायाच्या उड्यांचं अंतर उजव्याच्या नव्वद टक्क्यांवर आलं, भिंतीचा फरक दोन सेंटिमीटरच्या आत आला, आणि दिशा बदलताना तिला स्वतःला भीती वाटेनाशी झाली, की हो.

लेकीची आई, नागपूर

सात आठवड्यांनी लिहिते आहे.

जिल्हास्तर खेळली नाही. स्पर्धेच्या चार दिवस आधी उड्या मोजल्या, डावा 78 टक्के. निर्णय मी घेतला नाही, वही तिच्यासमोर ठेवली. दोन दिवस जेवताना कोणाशी बोलली नाही. मग स्वतःच सरांना फोन केला आणि बेंचवर बसून स्कोअरशीट लिहीन म्हणाली. संघ उपांत्य फेरीत सहा गुणांनी हरला. घरी आल्यावर ती रडली, मीही रडले. तिच्याशिवाय हरले की तिच्यासह जिंकले असते, हे कोणाला माहीत.

पण सरांना तिने उतरण्याचा सराव मागून घेतला, आणि आता सगळा संघ सुरुवातीची दहा मिनिटं एका पायावर उभा राहून पास देतो. सर म्हणाले, इतकी वर्षं मी फक्त धावायला लावत होतो.

कालचे आकडे: भिंत उजवा 11, डावा 9.5. डोळे मिटून डावा 21 सेकंद. उड्या 93 टक्के. सोमवारपासून ब्रेस बांधून अर्धा तास, गर्दीशिवाय. सासूबाई रोज संध्याकाळी बँडचं एक टोक धरून पाटावर बसतात आणि मोठ्याने मोजतात.

एक विचारायचं राहिलं. ब्रेस मोज्याच्या वरून बांधायचा की आतून? तिच्या टाचेला घासतोय.

फिजिओ, सांगली

मोज्याच्या वरून, आणि मोजा जाड, सुरकुती न पडू देता. लेस खालून वर ओढत आणा, टाच ब्रेसमध्ये पूर्ण मागे बसल्यावरच. बूट अर्धा नंबर मोठा लागेल, जुन्यात कोंबू नका. सोमवारचं कळवा.