तापल्यावर बंद पडणारी गाडी

आपली गाडी तापल्यावर बंद पडते, या तक्रारीवर आपल्याला मिळालेला ‘रोज दगा देणारी गाडी विकून टाकावी’ हा सल्ला व्यवहाराला धरून असला, तरी मला तो पटत नाही. वडिलांची टू-स्ट्रोक मोटारसायकल मी औसा ते लातूर या सुमारे 20 किलोमीटरच्या रोजच्या प्रवासासाठी वापरतो. मागच्या उन्हाळ्यात ती निम्म्या वाटेत बंद पडायची आणि अर्धा तास बाभळीच्या सावलीत उभी केली की पहिल्याच किकला सुरू व्हायची. दोनदा माझी रजा कापली गेली, तो मनस्ताप फार होता. मी प्लग तीनदा बदलला, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घातले. दोष मात्र इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या तारांच्या वेटोळ्यात निघाला. जुन्या कॉइलमधील तारांवरचे आवरण खराब झालेले असेल, तर कॉइल तापल्यावर ठिणगी मिळत नाही आणि ती निवल्यावर पुन्हा मिळू लागते. त्यामुळे आपली गाडी बंद पडताच, ती गार होण्यापूर्वीच, ठिणगी तपासून घ्यावी. ठिणगी येत असेल, तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजून पेट्रोल खाली उतरणे थांबलेले नाही ना, हेही पाहावे. गाडी विकण्याचा विचार कृपया त्यानंतरच करावा.