मदत हवी आहे: मुंबई-न्यूयॉर्क प्रवास नक्की किती तासांचा?

मंडळी, ताईच्या बाळंतपणासाठी आई (वय ७१) ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला निघाली आहे, एकटीच. तिकीट थेट विमानाचं आहे. मुंबईहून रात्री १:३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला पोचतं. आईचा हिशेब तयार, साडेसहा तास! "चाकणला अडकली तर नाशिक-पुणे एसटीही तेवढा वेळ घेते," म्हणते. परत यायचं जानेवारीत, सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला. म्हणजे जाताना साडेसहा, येताना पंचवीस?

शिवाय मी मुलीच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली, तर रेघ सौदी, इजिप्त, सहारा करत गेली. अंतर खरं किती? प्रश्न गमतीचा नाही, तिची मधुमेहाची गोळी सकाळ-संध्याकाळ ८ ला असते.

प्रतिसाद १
तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणून जाताना १६ तास. परतीला मात्र साडेनऊ धरू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, फरक साडेदहा होतो. पंचवीसातून तेवढे वजा करा, साडेचौदा उरतात. येताना कमी लागतात, कारण वरच्या हवेतले जोरदार पश्चिमी वारे पाठीशी असतात. जाताना तेच तोंडावर.

प्रतिसाद २
सपाट नकाशावर पट्टी लावलीत तिथेच घोळ झाला. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. रशिया, फिनलंड, आइसलंड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी जातो. ते अंतर साधारण १२,५०० किमी. तुमची पट्टीची रेघ १४,००० च्या वर जाते. अर्थात विमान दोऱ्यावरूनच जातं असंही नाही, वारा आणि बंद हवाई हद्दी बघून मार्ग ठरतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केल्यापासून वळसा आलाच. दिल्लीवाल्यांना तो जास्त जाचतो, मुंबईहून समुद्रावरून निघता येतं.

गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, पण त्या हातातल्या पिशवीतच ठेवा, चिठ्ठीसकट. मधुमेहींचं जेवण आधी कळवून मागवावं लागतं. व्हीलचेअरही आत्ताच नोंदवा, काकू चालत्या-फिरत्या असल्या तरी. तिकडे इमिग्रेशनच्या रांगेत तास-दीड तास उभं राहायची वेळ येऊ शकते.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. डॉक्टर म्हणाले, विमानात भारतीय वेळच पाळा, पोचल्यावर कसं बदलायचं ते लिहून देतो. आईला सांगितलं तर तिने बाबांचं जुनं चावीचं घड्याळ काढून मनगटावर चढवलं. "हे मी तिकडे मागे-पुढे करणार नाही," म्हणाली. व्हीलचेअर म्हटल्यावर मात्र रागावली आहे. ती नोंदवली आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही.