अनुभव धागा : लहान मुलांशी घरात होणारे बोलणे

एक ते चार वर्षांच्या मुलांच्या भाषेचा विषय निघाला की चर्चा लगेच तक्ते, चित्रकार्डे आणि पाठ झालेल्या शब्दांकडे वळते. प्रत्यक्षात मुलाची भाषा वाढते ती अंघोळ घालताना, भाजी निवडताना, जिना उतरताना होणाऱ्या बोलण्यातून. म्हणून या धाग्यात पालक, आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका आणि जाणकारांनी आपले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. सल्ल्यापेक्षा प्रसंग द्यावा, आणि मूल काय म्हणाले व त्यावर आपण काय म्हणालो, हे शक्य तितके जसेच्या तसे लिहावे.

आजी, सातारा

मुलगा आणि सून कामावर गेले की अडीच वर्षांची नात माझ्याजवळ असते. मी मटार सोलायला घेतले की तीही परातीला चिकटून बसते. शेंग दाबली की फटकन उघडते, एखादा दाणा घरंगळत कपाटाखाली जातो, एखाद्या शेंगेत अळी निघते, आणि या प्रत्येक गोष्टीवर तिला काहीतरी म्हणायचे असते. "आजी, मी करलं," असे ती म्हणाली की मी "करलं नाही, केलं म्हण" असे सांगत नाही, "हो गं, तू केलंस! एवढी मोठी शेंग एकटीनं सोललीस," असे म्हणते आणि पुढची शेंग तिच्या हातात देते. धरलं, भरलं, मारलं हे ऐकूनच तिने "करलं" घडवलेले असते. म्हणजे नियम तिला उमगला आहे, अपवाद तेवढा कानावर पडायचा राहिला आहे. "घोडाला" म्हणणारी मुलेही अशीच ऐकून ऐकून "घोड्याला"वर येतात. भूभू आणि मंमं यांचेही मला वावडे नाही, फक्त त्यांच्या जोडीने कुत्रा आणि भात हे शब्दही मी वापरत राहते.

अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका

आमच्याकडे बहुतेक मुले घरी वारली बोलतात. एक मुलगा सफरचंद आणि द्राक्षांची चित्रे समोर धरली की मान खाली घालून गप्प बसायचा, आणि त्याला बोलता येत नाही असेच सर्वांना वाटे. पावसाळ्यात मी सहज विचारले, "खेकडा कसा धरतात रे?" त्यावर बिळात हात कुठून घालायचा, नांगी कशी दाबून धरायची, आजोबांना तो कसा चावला, हे सगळे त्याने हातवारे करून आपल्या बोलीत सांगितले. त्याचे वाक्य मी आधी त्याच्याच बोलीत परत म्हटले, मग मराठीत म्हटले, आणि पुढचा प्रश्न विचारला. याच भागात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बालशिक्षणाचे काम उभे केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे शाळाच कुरणात भरवली गेली, ती मला आमच्या कामाची खरी वाट वाटते.

वाचा-उपचारतज्ज्ञ, पुणे

माझ्याकडे येणारे पालक बहुधा विचारतात की दिवसाला किती शब्द कानावर पडले पाहिजेत. अमेरिकेत बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी ४२ कुटुंबांतील बोलणे नोंदवून १९९५ साली सुखवस्तू आणि गरीब घरांतील मुलांच्या कानावर पडणाऱ्या बोलण्यात तीन कोटी शब्दांच्या तफावतीचा अंदाज मांडला, त्याचा हा परिणाम असावा. त्या आकड्यावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, आणि माझ्या मते आकड्यामागे लागण्यात अर्थही नाही, कारण एकतर्फी धावते वर्णन ऐकणाऱ्या मुलापेक्षा ज्याच्या बोलण्याला उत्तर मिळते ते मूल अधिक बोलते. माझे काम पुष्कळदा पालकांना थांबायला शिकवण्याचे असते. प्रश्न विचारून मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. बहुतेकांना दोनच्या पुढे धीर धरवत नाही आणि ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. "हा कोणता रंग? हे काय आहे?" अशी सततची परीक्षाही नको.

मात्र दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर "बाबाही उशिराच बोलायला लागला होता" या समजुतीवर न राहता आधी कानांची तपासणी करून घ्यावी. टीव्ही-मोबाइलच्या पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे : दोन वर्षांच्या आत नको, आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास.

वडील, म्युनिक

मुलगी पाळणाघरात जर्मन आणि घरी मराठी बोलते, म्हणजे बोलत होती. तीन वर्षांची झाल्यावर माझ्या मराठी प्रश्नालाही ती जर्मनमध्ये उत्तर देऊ लागली. मी मराठी सोडली नाही आणि तिला जर्मन बोलू नकोस असेही म्हटले नाही. खरी अडचण रविवारच्या व्हिडिओ कॉलची होती. "जेवलीस का? काय जेवलीस? शाळेत काय केलंस?" या सरबत्तीला ती कंटाळून उठून जाई. मग आजोबांनीच युक्ती काढली. ते फोन घेऊन परसात जातात, भेंडीच्या आळ्यात पाण्याची नळी धरून उभे राहतात आणि मुद्दामच नळ सोडत नाहीत. "पाणी का बरं येत नाही?" असे ते स्वतःशीच पुटपुटले की इकडून ओरडा होतो, "आजोबा, नळ आउफमाखन करा ना!" त्यावर ते म्हणतात, "नळ सोडू म्हणतेस? हा बघ सोडला." गेल्या आठवड्यात तिने विचारले, "आजोबा, आज नळ कोण सोडणार?"