फायरवॉलने स्वतःहून दार लावावं का?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रात्रपाळी

आमची बँक मध्यम आकाराची. २२ शाखा, मुख्य कार्यालयात फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या राखणदारांची, जोडी आणि ती सांभाळायला मी नि एक नवा पोरगा. वर्षापूर्वीपर्यंत सकाळचा चहा लॉगसमोर, म्हणजे फायरवॉलच्या नोंदींसमोर, व्हायचा. लॉग बघणं म्हणजे काय, तर 'डिनाय' (अडवलेल्या जोडण्या) शोधायचे, ओळखीचे आयपी (मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते) सोडायचे आणि उरलेल्यांकडे बघून मान हलवायची.

आता बरंच मार्गी लागलंय. सीपीयू, सेशनचा आकडा, जोडीतली कोणती चालू आहे, कुठल्या शाखेचा टनेल (मुख्य कार्यालयाशी सुरक्षित जोडणी) पडला, हे झॅबिक्स नावाचं देखरेखीचं सॉफ्टवेअर एसएनएमपीवरून (उपकरणांची हालहवाल विचारायची पद्धत) बघतं. सिसलॉग (उपकरणांच्या नोंदी) ग्रेलॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या कोठारात, जातो. नेटबॉक्सशी (कुठलं मशीन कुठे, याची वही) जोडल्यामुळे नुसता आयपी न दिसता 'अमुक शाखा, कॅशियरचं मशीन' असं दिसतं आणि तिकीट आपोआप उघडतं. ऑक्सिडाइज्ड नावाचं साधन तासातासाला कॉन्फिग (फायरवॉलची मांडणी) उचलतं, फरक पडला की मेल. सपोर्टवाल्याने टेस्टिंगला टाकलेला 'एनी टू एनी' (कुणालाही कुठेही जाऊ देणारा) नियम काढायचा विसरला होता, तो त्या मेलमुळेच सापडला. एरवी थेट ऑडिटरला सापडला असता.

शेवटची पायरी राहिलीय. वाझूने (नोंदींतून धोका हुडकणारं सॉफ्टवेअर) धोका ओळखला की एपीआयवरून (प्रोग्रॅमने थेट हुकूम द्यायची सोय) फायरवॉलला सांगायचं, आयपी तिथल्या तिथे बंद. साहेब कचरतायत. माझं म्हणणं, करून टाकावं. पुण्यात कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं जाळं) आणखी गेले, मिळून ९४ कोटींच्या वर. शनिवारी माझा फोन कुठे असतो ते विचारू नका.

जुनं खोड

बघण्यापर्यंत सगळं मान्य. नियमाला हात लावायला मात्र माणूसच हवा.

कॉसमॉसचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. तिथे एटीएम स्विचच्या (एटीएमच्या विनंत्या बँकेकडे नेणारी यंत्रणा) जागी खोटा स्विच उभा केला गेला आणि तोच कोअर बँकिंगला (खात्यांची मुख्य यंत्रणा) न विचारता व्यवहार मंजूर करत बसला. विनंत्या नेहमीच्या वाटेने येत होत्या. तुमच्या डिनाय लॉगमध्ये काय दिसणार होतं?

दुसरं, एक माणूस चुकला तर एका ठिकाणी चुकतो. यंत्रणा चुकली की सगळीकडे एकदम. साइटींना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने २ जुलै २०१९ ला वेब फायरवॉलचा एक नियम जगभर सोडला. त्यातल्या एका रेगेक्सने (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) सगळे सीपीयू शंभर टक्क्यांवर नेले, २७ मिनिटं त्यांच्यामागच्या जगभरच्या साइट बंद. त्या लोकांचा धंदाच तो, तरी. तुमच्याकडे तुम्ही आणि पोरगा.

आणि यूडीपीत (समोरच्याशी आधी जोडणी न करता पॅकेट धाडायची पद्धत) सोर्स, म्हणजे पाठवणाऱ्याचा, आयपी खोटा घालता येतो हे विसरू नका. तुमची स्क्रिप्ट कशी चालते ते मला कळलं तर तुमच्याच डीएनएसच्या (साइटच्या नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) नावाने दोनशे वेडीवाकडी पॅकेट धाडीन. पुढचं काम तुमची फायरवॉल करील.

पोर्ट २२

खोड काका, माणूस हवा म्हणता, पण माणूस बघतो का? अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीचं २०१३ चं प्रकरण आठवा. फायरआय या मालवेअर हुडकणाऱ्या यंत्रणेने नोव्हेंबरअखेरीस इशारे दिले. बंगळुरूच्या टीमने पाहिले, मिनियापोलिसच्या मुख्य कार्यालयाला कळवले, पुढे कुणी हललं नाही. मालवेअर आपोआप काढून टाकायची सोय होती, ती बंद करून ठेवलेली. का, तर निर्णय माणसाच्या हातात हवा! सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचंय. लॉग १८० दिवस जपायचे, तेही भारतात. हाताने लॉग चाळणाऱ्याने ६ तासांत काय कळवायचं, "काहीतरी झालंय" असं?

लोडशेडिंग

अनुभव सांगतो, जागेचं नाव नको. व्हीपीएनवर (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची वाट) पाच वेळा पासवर्ड चुकला की आयपी २४ तास बंद, अशी स्क्रिप्ट मीच लिहिली होती. छान चालली, अगदी महिनाभर. मग एक तारखेला सगळ्यांच्या पासवर्डची मुदत संपली. फिरतीवरची मंडळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जुनाच पासवर्ड ठोकत राहिली. मोबाइल कंपनी सीजीनॅटमागे हजारो लोकांना एकाच आयपीने बाहेर सोडते. स्क्रिप्टने तोच आयपी उडवला. मग दुसरा. दुपारपर्यंत फिरतीवरचं कुणीच आत येऊ शकेना, आणि मी स्वतः घरी, त्याच कंपनीच्या सिमवर! रिक्षा करून ऑफिस गाठलं, कन्सोल केबल थेट फायरवॉलला लावली.

हल्लेखोर? एकही नव्हता.

पोर्ट २२

ही स्क्रिप्टची चूक, ऑटोमेशनची नाही. २४ तास कुणी ठेवायला सांगितले?

लोडशेडिंग

मीच सांगितले होते. तेव्हा तेही शहाणपणाचंच वाटलं होतं.

वेंधळी

दोघंही एपीआय धरून बसलायत. आम्ही फायरवॉलला कुणालाच हात लावू देत नाही. वाझू एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आयपी लिहितं, ती फाइल आतल्या वेबसर्व्हरवर असते आणि फायरवॉल दर पाच मिनिटांनी ती स्वतः वाचून जाते. वर एकच नियम, या यादीतल्यांना बंद. तो नियम एकदाच माणसाने लिहिलाय. प्रत्येक आयपी तासाभराने यादीतून आपोआप गळतो, आणि व्हाइटलिस्टमधला, म्हणजे खात्रीचा, कधीच चढत नाही. सर्व्हर मेला तर आमच्या फायरवॉलमध्ये शेवटची यादी चालू राहते.

पहिले तीन आठवडे यादी नुसती लिहिली, लावली नाही. रोज बघायचो, आज लावली असती तर कोण अडकलं असतं. दुसऱ्याच दिवशी आमचा स्वतःचा बॅकअप सर्व्हर निघाला.

आणि एक. जोडण्याआधी घड्याळं जुळवा. आमची फायरवॉल यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) लिहायची, बाकी सगळं भारतीय वेळेत. साडेपाच तासांच्या फरकामुळे चोर आधी बाहेर पडलेला आणि मग आत आलेला दिसायचा.

जुनं खोड

वेंधळीताई, नाव बदला.

ही तासाभराची यादी मला चालेल. माझी खरी भीती किल्लीची आहे. सगळ्या फायरवॉलवर लिहू शकणारी एपीआय की एका स्क्रिप्टमध्ये ठेवली की ती स्क्रिप्ट चालणारं लिनक्सचं डबडं फायरवॉलपेक्षा महत्त्वाचं झालं. त्याला पॅच कोण लावतं? ऑक्टोबर २०२४ मध्ये फोर्टिमॅनेजरमध्ये (अनेक फायरवॉल एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा) लॉगिनशिवाय घुसता येईल असं भोक सापडलं, गंभीरता दहापैकी ९.८, आणि जाहीर होण्याआधीच वापरलं गेलं होतं. सगळं एका ठिकाणी जोडलं की चोरालाही एकच दार फोडावं लागतं. रात्रपाळी, तुमचं झॅबिक्स कुठल्या नेटवर्कमध्ये आहे?

रात्रपाळी

ऑफिसच्याच. प्रिंटरच्या शेजारी. कळलं, हलवतो.

पण काका, कॉसमॉसबद्दल तुमचंच म्हणणं उलटं करतो. स्विच हो म्हणतोय आणि कोअर बँकिंगमध्ये नोंदच नाही, ही विसंगती एकट्या यंत्रणेला दिसणारच नव्हती. दोन्हीकडची नोंद कुणीतरी समोरासमोर ठेवायला हवी होती, आणि ती शनिवारी दुपारी माणसाने ठेवली नसती. म्हणून जोडणी हवीच. तिथे थांबवायचं काम फायरवॉलचं नाही, हे मात्र मान्य.

एपीआय सोडतो, वेंधळींची फाइल लावतो. साहेबांना 'एका तासापुरतं' म्हटल्यावर तेही बरे बोलायला लागले. आत्ता व्हाइटलिस्ट काढायला बसलोय. कायम उघडे ठेवलेले तीन आयपी सापडले, कुणाचे ते आमच्यात कुणालाच सांगता येत नाहीये. २०१९ पासून आहेत.

लोडशेडिंग

एक प्रिंटरवाल्याचा असणार. लगेच बंद करू नका, आधी महिनाअखेर जाऊ द्या.

जुनं खोड

आत्ता बंद करा. ज्याचा असेल तो ओरडत येईल.